तेवीस तासांचे बूट

आमच्या मुलाचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता. तळवा आतल्या बाजूला फिरलेला, टाच वर ओढलेली, बोटं दुसऱ्या पायाकडं बघणारी. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात, आमच्याकडं लोक सरळ वाकडा पाय म्हणतात. आता तो दोन्ही तळवे टेकून पळतो, शिलाई मशीनच्या पायट्यावर जाऊन बसतो, आणि बघणारे विचारतात, "ऑपरेशन कुठं केलं?" मोठं ऑपरेशन झालंच नाही. प्लास्टर झालं, एक बारीकसा छेद झाला आणि मग बूट आले. प्लास्टरबद्दल सगळे विचारतात. बुटांबद्दल कुणी विचारत नाही, आणि पाय टिकतो तो बुटांमुळंच. म्हणून हे लिहितोय.

माझं शाळेचे गणवेश शिवायचं काम आहे, अक्कलकोट रोडच्या बाजूला. कारखाना म्हणजे घराच्याच खालच्या खोलीत काही मशिनी, कटिंगचं टेबल आणि काजबटणाचं एक मशीन. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळं मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. हे आत्ताच सांगतोय, कारण पुढं सगळं घोडं तिथंच अडलं.

पाचव्या महिन्यात, साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास, जी सविस्तर सोनोग्राफी करतात ती आमची ऑगस्ट 2023 च्या शेवटी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की डावं पाऊल आत वळलेलं वाटतं, जन्मानंतर खात्री करावी. मणका, हृदय, मेंदू सगळं व्यवस्थित. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की हजार बाळांमागं एखाद्याला असं असतं, बहुतेकांत कारण सापडत नाही, काही घरांत आनुवंशिक असतं, आणि लवकर सुरुवात केली तर पाय चांगला होतो. आम्ही दोघांनी ते आमच्यातच ठेवलं. आईला बीपी आणि सासूबाईंचा स्वभाव काळजीखोर. उरलेले महिने घरात शांतता हवी होती.

मग आली कोजागिरी. 28 ऑक्टोबरला चंद्रग्रहण होतं, आठवत असेल तुम्हालाही. आटवलेलं दूध कधी प्यायचं यावरून गच्चीवर बरीच वादावादी झाली होती. ग्रहण मध्यरात्र उलटून एकच्या पुढं लागलं. तेव्हा माझी बायको गाढ झोपेत होती. पण वेध दुपारपासूनचे, आणि संध्याकाळी तिनं भेंडी चिरली होती.

बाळ जानेवारीत झालं, तिच्या माहेरी, बार्शीला. इकडं सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं रस्ते अडलेले, मला पोचायला रात्र झाली. पोचलो तोवर निकाल लागला होता. तिची एक चुलती सांगत होती, "कोजागिरीच्या ग्रहणात हिनं काहीतरी चिरलंच असणार. त्याशिवाय का लेकराचा पाय असा होतोय?" भेंडी बाहेर निघाली. मी पिशवीतनं सोनोग्राफीची फाईल काढली. फोटोवर ऑगस्टची तारीख होती, ग्रहण ऑक्टोबरचं. दोन महिने आधीच्या फोटोत पाय वळलेला दिसतोय, मग भेंडीचा काय संबंध? सासूबाईंनी फाईल हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि गप्प बसल्या. चुलती मात्र म्हणाली, "तारखा काय, कशा पण पडत्यात."

तारीख माझ्या बायकोला पाठ होती. रिपोर्ट घेताना ती माझ्या शेजारीच बसली होती. पण बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर येणारी-जाणारी प्रत्येक बाई पायाकडं बघून तेच म्हणते, तेव्हा कागदाचं काय चालणार? ती मला हळूच म्हणाली, "मी खरंच झोपले होते ना हो?"

पुढं मालीशवाल्या बाईंनी सांगितलं, कोमट तेलानं रोज ओढून वर पट्टी बांधते, सव्वा महिन्यात सरळ करून देते. बाई मनानं चांगल्या, हातही हलका. पण क्लबफूट मालीशनं जात नाही, आणि पाऊल नुसतं बाहेरच्या बाजूला पिळलं तर नुकसान होऊ शकतं. त्यामागचं गणित मला सोलापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले इग्नासिओ पोन्सेटी नावाचे डॉक्टर होते (1914 ते 2009). त्यांच्या आधी असे पाय मोठं ऑपरेशन करून सरळ करायचे आणि ते मोठेपणी ताठर, दुखरे व्हायचे. पोन्सेटींनी दाखवलं की तान्ह्या बाळाच्या सांध्यांचे बंध इतके मऊ असतात, की घोट्याजवळच्या एका हाडाला बाहेरून अंगठ्यानं आधार द्यायचा, त्याच्याभोवती बाकीचं पाऊल थोडं थोडं बाहेर फिरवायचं, आठवडाभर प्लास्टरमध्ये तसंच ठेवायचं आणि पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. त्यालाही क्रम आहे: आधी तळव्याची खोल कमान, मग आत वळलेलं पाऊल, टाच सर्वांत शेवटी. माझ्या धंद्यातलंच उदाहरण द्यायचं तर कापडाला एकदम हिसका दिला की शिवण उसवते, दमानं ताणलं की कापड ऐकतं.

दर आठवड्याला सोलापूर म्हणजे माहेरचे तीन महिने रद्द. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण घराबाहेर काढायची यावर बार्शीत रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी सासूबाईच डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आमच्याकडं राहायला आल्या. दोन खोल्यांत दोन आज्या. आळीवाच्या खिरीत गूळ किती, यावर एकमत होईना. पण बाळाच्या पायाबाबत दोघी एक झाल्या, कारण पहिल्या प्लास्टरनं दोघींचंही हक्काचं काम काढून घेतलं. न्हाणं बंद! तेल, गरम पाणी, धुरी काही नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, तेही प्लास्टर वाचवून. माझ्या आईला पाय वाकडा असल्याचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं बाळाला न्हाऊ घालता येत नाही याचं झालं.

प्लास्टर बोटांपासून थेट जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. एवढ्याशा पावलासाठी एवढं मोठं का? गुडघ्याखाली थांबवलं तर बाळ पाय झाडून ते खाली सरकवतं आणि सरकलेल्या प्लास्टरमध्ये पाय नीट धरलाच जात नाही. ओपीडीत जाताना बाळाला भुकेलं न्यायचं आणि प्लास्टर चालू असताना पाजायचं, म्हणजे ते पाय सैल सोडतं. हे सिस्टरनी पहिल्याच वेळी सांगितलं आणि दर वेळी उपयोगी पडलं. जुनं प्लास्टर त्याच दिवशी तिथंच भिजवून काढायचं. आदल्या रात्री घरी काढून नेलं तर आठवड्यात मिळवलेलं थोडं तेवढ्यात परत जातं.

आईला मी बोटांची ड्यूटी दिली. प्लास्टरमधून बाळाची बोटं बाहेर दिसली पाहिजेत. अंगठा हलका दाबायचा: पांढरा पडतो आणि सोडल्यावर लगेच गुलाबी होतो. गुलाबी झाला नाही, बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, बाळ काही केल्या थांबेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. आणि बोटं आतच गेलेली दिसली तर प्लास्टर सरकलंय, तेही काढून घ्यायचं. एकदा दुपारी आई खाली मशिनींच्या आवाजात ओरडत आली, "अंगठा दिसंना बे!" बॉबिन तसंच टाकून आम्ही निघालो. खरंच सरकलं होतं. त्यांनी काढलं आणि नवं घातलं. त्या दिवसापासून सासूबाई आईला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागल्या, थोडं टोचून, थोडं मनापासून.

(जाताना रिक्षाच करत होतो. प्लास्टरमधलं तान्हं मांडीवर घेऊन मोटरसायकलवर मागं बसलेल्या बायका ओपीडीच्या दारात दर वेळी दिसायच्या. आमच्या रस्त्यांचे खड्डे माहीत असणाऱ्याला पुढचं सांगायला नको.)

प्लास्टर साधारण पाच ते सात लागतात म्हणाले होते, आमचं तेवढ्यातच भागलं. पाऊल सरळ झालं, टाच तेवढी वर राहिली. मग टाचेमागच्या कंडराला, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणाऱ्या दोरीला, छोटा छेद. दहातल्या आठ-नऊ बाळांना तो लागतो. 'नस कापणार' असं ऐकून घरात पुन्हा रडारड झाली, पण प्रत्यक्षात ती जागा बधिर करून काही मिनिटांत काम झालं, टाकासुद्धा नाही. वर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. तेवढ्या काळात कंडरा थोडा लांब होऊन पुन्हा जुळतो. टाचेपाशी प्लास्टरवर रक्ताचा लहान डाग आला होता, तो येणार हे आधीच सांगितलेलं असल्यामुळं कुणी घाबरलं नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवणं या दवाखान्यात चांगलं होतं. सगळीकडं तसं नसतं.

ते प्लास्टर निघालं तेव्हा एप्रिल लागला होता. पाय सरळ! दोन्ही आज्यांनी दृष्ट काढली. आणि त्याच दिवशी हातात बूट आले: पुढून उघडे, पट्ट्यांचे, दोन्ही एका दांड्याला जोडलेले, दांडा बाळाच्या खांद्यांएवढा रुंद. वळलेला पाय बाहेरच्या बाजूला जवळपास 70 अंशांवर, चांगला 40 वर. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. उरलेला एक तास अंघोळीचा. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट न घालणं हेच असतं, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. दर वेळी ते माझ्या बायकोकडं बघून सांगत होते. मी शेजारीच उभा होतो.

सोलापूरचा एप्रिल-मे. पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढं, पत्र्याखाली त्याहून जास्त, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. खाली गणवेशांचे ढीग, रात्री अकरापर्यंत मशिनी. आणि वर तीन महिन्यांचं बाळ, कालपर्यंत एक पाय तरी मोकळा झाडणारं, आता दोन्ही बांधलेलं. पहिल्या रात्री ते रडलं ते रडलंच. भिंतीपलीकडून शेजारच्या आजी आल्या, "लेकराला बेड्या का घालालाय?" म्हणाल्या. बायकोनं बूट काढले. बाळ झोपलं. मग तीच बाळाशेजारी बसून रडत राहिली.

त्यानंतर मला कळलं की ग्रहणाचं प्रकरण बार्शीत मिटलं नव्हतं. ज्या बाईला सगळ्यांनी मिळून सांगितलंय की पोराचा पाय तुझ्यामुळं वाकडा झाला, तिला आपण आता सांगतोय की तुझ्याच हातानं त्याला रोज रडव. बाळाचं रडणं तिला साधं रडणं वाटतच नव्हतं, ते तिच्यावरच्या आरोपासारखं ऐकू यायचं. मग बूट कसे टिकणार? 'आई हयगय करते' असं अशा बायकांबद्दल बोललं जातं. मला तो शब्द तेव्हापासून सहन होत नाही.

ती जेवत नव्हती. बाळ झोपलं तरी झोपत नव्हती, पंख्याकडं बघत पडून राहायची. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. इथं तीन महिने होत आले होते. ओळखलं ते आमच्यापैकी कुणी नाही, प्लास्टरला मदत करणाऱ्या सिस्टरनी. बूट बघायला गेलो तेव्हा त्यांनी बाळाला माझ्याकडं दिलं आणि तिला विचारलं, "तुम्ही शेवटच्या पोटभर कधी जेवलात?" ती बोलेना. मग विचारलं, झोप लागते का, कशात मन लागतं का, आपण नसलो तर बरं असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला तिनं मान हलवली. माझ्या हातापायातलं बळ गेलं.

त्याच दिवशी त्यांनी आम्हाला मानसोपचाराच्या ओपीडीत नेऊन बसवलं. आई म्हणाली, वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला? सासूबाईच उलट बोलल्या, "ती जगली तर ते पोर चालंल." तिथल्या मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं, बराच वेळ बोलल्या, दूध पाजताना चालेल अशी गोळी ठरवून दिली, आणि तिला एकटं ठेवू नका, औषधांचा डबा तुमच्याकडं ठेवा, असं मला बजावलं. रात्री-अपरात्री लागलं तर 14416 हा टेलीमानसचा नंबर दिला. 2022 पासूनची ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. एका रात्री दोनला तिनं तो लावला. मी बाहेर जिन्यावर बाळाला घेऊन बसलो.

मग आम्ही घराची वाटणी पुन्हा केली. मॅडमचं म्हणणं होतं की बूट घालणं काही दिवस तिच्याकडं नकोच. रडवणारे हात वेगळे, पाजणारे वेगळे. बूट माझ्याकडं आले. एका शाळेची ऑर्डर सोडून दिली. पैशाचं नुकसान झालं, ते झालं. सासूबाई स्वयंपाक, आई दुपार. बायकोनं सलग चार-पाच तास झोपायचं, बाळ भुकेनं रडलं तरच उठवायचं.

बूट घालायची पद्धत असते. वळलेला पाय आधी. गुडघा वाकवून टाच बुटात पूर्ण खाली दाबायची, मधला पट्टा पहिल्यांदा आवळायचा, मागच्या भोकातनं टाच दिसते का बघायची, मग बाकीचे पट्टे. मोजे सुती, बारीक. बाजारातल्या मोज्यांची शिवण बोटांवर लाल वण उठवायची, म्हणून मी गंजीच्या होजिअरी कापडाचे शिवले, शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन. अख्ख्या प्रकरणात माझी विद्या कामाला आली ती एवढीच. पाणी कमी, म्हणून जोड भरपूर शिवले. दांड्याला गोधडीचा तुकडा गुंडाळला, नाहीतर बाळ तो स्वतःच्या तोंडावर आणि आपल्या नाकावर हाणतं. झोळी बंद केली, पाय फाकलेले असताना ते त्यात नीट मावत नाही आणि कलंडतं.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण लक्षात ठेवा. पायावर गडद लाल डाग किंवा फोड दिसला की घरातलं प्रत्येक माणूस पट्टा सैल करायला सांगतं. बहुतेक वेळा टाच आत घसरत असते म्हणून तो घासून आलेला असतो, तेव्हा पट्टा नीट आवळायचा असतो. वर तेल, क्रीम काही लावायचं नाही, कातडी मऊ पडून जास्त सोलते. आणि फोड असला तर दवाखान्यात दाखवायचं, स्वतःहून बूट बंद करायचे नाहीत.

रडणं दोन-तीन रात्रींत कमी झालं. दांडा धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, सरळ करायचे, असा खेळ सिस्टरनी शिकवला होता. बाळाला कळलं की दोन्ही पाय मिळून झाडायचे, आणि त्याची तक्रार संपली. शेजारच्या आजींचीही, पण त्यांना जास्त दिवस लागले.

बायकोला सावरायला बाळापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. जूनच्या शेवटी, शाळा उघडून माझी गर्दी ओसरल्यावर, तिनं एका रात्री माझ्या हातातनं बूट घेतले आणि म्हणाली, "तुम्ही पट्टा वाकडा लावता." खरं म्हणजे मी तो सरळच लावत होतो.

पोरगं इतर मुलांपेक्षा थोडं उशिरा चालायला लागलं, तेवढं चालतं म्हणतात. डावं पाऊल किंचित लहान आहे, पोटरी बारीक, ती तशीच राहणार. हाफ पँटमध्ये दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासायला आलं तेव्हा त्यांनी नोंद घेतली. हा कार्यक्रम 2013 पासून आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि क्लबफूट त्यांच्या यादीत आहे. ज्यांना कुठं जायचं कळत नाही त्यांनी आशाताईंना विचारलं तरी रस्ता मिळतो. बाळंतपणानंतर त्या घरी येतातच. बाळाचं दुपटं सोडून पाय दाखवायला लाजू नका.

ओपीडीत ओळख झालेली मोहोळकडची एक बाई हल्ली माझ्या बायकोला फोन करते. तिच्या मुलीचे दोन्ही पाय वळलेले आहेत आणि बूट नुकतेच सुरू झालेत. परवा स्पीकरवर होतं म्हणून ऐकलं: ही तिला बुटांबद्दल काही सांगायच्या आधी रात्री घरात कोण उठतं ते विचारत होती. उत्तर ऐकून हिनं फोन माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "त्यांच्या मिस्टरांशी बोला." बोललो. त्यांची ऊसतोडीची टोळी जायची आहे, ते नसतील तेव्हा सासू बूट घालेल असं ठरतंय. पुढच्या तारखेला सासूला सोबत आणायला सांगितलंय, म्हणजे टाच कुठं बघायची ते सिस्टर त्यांनाच दाखवतील.

आमच्या मुलाचे सध्याचे बूट लहान व्हायला लागलेत, बोटं पुढच्या कडेला टेकतात. या महिन्यात मोठा जोड घ्यायचा आहे, आणि खांदे रुंदावलेत म्हणून दांडाही.